विंचू उतरतो तेव्हा

आमच्या बढतीच्या फॉर्मात एक रकाना आहे : ‘प्रकाशनांचा प्रभाव (आकड्यांत लिहावा)’. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की हा फॉर्म येतो आणि दर वर्षी मी त्या कंसापाशी अडते. यंदाही अडले. स्वयंपाकघरात नवऱ्याने करंज्यांचं सारण परतायला घेतलं होतं, खोबऱ्याचा वास घरभर पसरला होता, आणि मी टेबलाशी बसून माझ्या २८ लेखांचे दाखले कुणी किती वेळा दिले ते मोजत होते.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवते. माझं संशोधन रक्तवाहिन्यांवर. म्हणजे पांढऱ्या उंदराच्या महाधमनीचे ३ मिलिमीटरचे छल्ले कापायचे, कोमट क्षारपाण्यात तारेवर अडकवायचे, त्यात एकेक औषध सोडायचं आणि छल्ला आवळतो की सैल पडतो ते बघायचं. दिवस दिवस बघायचं. हृदयाच्या संशोधनात पुढच्या पंगतीला स्टेंटवाले आणि स्टॅटिनवाले बसतात. आम्ही छल्लेवाले आचाऱ्यांबरोबर, सगळ्यात शेवटी.

दाखले मोजण्याची ही विद्या फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांची. १९५५ साली त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखल्यांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि पुढे त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. हिशेब वाण्याच्या वहीइतका सोपा : नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांना यंदा किती दाखले मिळाले, त्याला त्या लेखांच्या संख्येने भागायचं. ग्रंथालयात कोणती नियतकालिकं ठेवावीत हे ठरवायला उपयोगी पडणारा हा आकडा माणसांच्या पगाराला कधी चिकटला ते कळलंच नाही. हा आकडा नियतकालिकाचा असतो, लेखाचा नाही, लेखकाचा तर नाहीच नाही. ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० सालासाठी ७९ होता, २०२१ साठी एकदम २०२ झाला. त्या एका वर्षात लॅन्सेटचे लेखक अडीचपट हुशार झाले असं कुणी म्हणणार नाही. करोना आला होता, इतकंच. मग माणसांसाठी वेगळं माप हवं म्हणून २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. माझा ९ आहे. म्हणजे माझे ९ लेख असे आहेत, की प्रत्येकाचा निदान ९ वेळा कुणीतरी दाखला दिलाय. नऊ हा आकडा नवरात्रात शोभतो. फॉर्मात नाही.

पण मी अडते ती ९ वर नाही. रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘संपादकांस पत्रे व टिपणे ग्राह्य धरू नयेत.’ ती वाचली की मला आमच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रातलं लोखंडी कपाट आठवतं. आणि त्याच्याही आधी आजीचा वसंता.

आमचं गाव खेड तालुक्यात. वसंता म्हणजे आजीचा सगळ्यात धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो परकरी पोरींच्या मागे दगड घेऊन धावणारा, शेंबडा. १९६४ च्या कार्तिकात तो १७ वर्षांचा होता. झोडणी चालू होती, खळ्याच्या कडेला पेंढा रचत असताना तिन्हीसांजेला त्याच्या पायाला काहीतरी लागलं. कंदील आणून बघितलं तर विंचू. लहानसा, तांबूस, करंगळीएवढासुद्धा नाही. सगळे हसले. कारण कोकणात माणसं घाबरतात ती इंगळीला, त्या काळ्याकुट्ट हातभर वाटणाऱ्या धुडाला. हे पोरगंच होतं विंचवाचं.

विंचू उतरवणारा आला. चिंचोका उगाळून लावला, आघाड्याचं मूळ फिरवलं, मंत्र पुटपुटला. ‘‘दुखतंय काय रे?’’ वसंता म्हणाला, ‘‘फारसं नाय.’’ उतरला, म्हणून मांत्रिक सुपारी घेऊन गेला.

पुढचं आजी ज्या क्रमाने सांगायची, त्या क्रमात कधी चूक झाली नाही. आधी घाम. ‘‘नुसता घाम नाय गो, न्हाणीतून उठून आल्यासारखा. सदरा पिळला मी त्याचा.’’ मग उलट्या. मग हातपाय गार. गोधड्या घातल्या, शेगडी आणली, तरी गार. मग काही वेळ बरं वाटल्यासारखं. पहाटेच्या सुमाराला खोकला सुरू झाला, श्वास लागला, तो उठून बसला, आणि तोंडातून फेस यायला लागला. ‘‘गुलाबी. पंचमीच्या रंगासारखा.’’ उजाडायच्या आत गेला.

आजी हे दर वर्षी झोडणीच्या दिवसांत सांगायची. गोष्ट म्हणून नाही, ताकीद म्हणून. आणि शेवटी हमखास म्हणायची, ‘‘उतरला म्हणाले, आणि चढला.’’

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयात जुन्या लॅन्सेटचे बांधीव खंड चाळत होते. खरं सांगायचं तर अभ्यास करत नव्हते. बाहेर पाऊस होता आणि मेसला जायचा कंटाळा आला होता. १९८२ च्या पहिल्या सहामाहीच्या खंडात पान ५५२ वर एक लेख दिसला : लाल विंचवाच्या दंशाची हृदयासंबंधीची पूर्वलक्षणं. लेखक एकच, एच. एस. बावस्कर. दोन-तीन पानांचा मजकूर. त्यात आजीचा क्रम होता. भरपूर घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. शिवाय पुरुष रुग्णांमधलं एक चौथं लक्षण, जे आजीने मला जन्मात सांगितलं नसतं आणि जे बघायला आजही तरुण डॉक्टरला चादर बाजूला करावी लागते आणि मुलाची आई तोंड फिरवते. ही लक्षणं दिसली की समजावं, विष हृदयाच्या वाटेला लागलंय. गुलाबी फेस ही त्याची अखेर : डावं हृदय थकतं, मागे फुप्फुसात पाणी साठतं.

ते वाचताना अंगावर काटा आला हे खोटं सांगणार नाही, पण खरी भावना वेगळीच होती. जरा राग होता. आजीला हे सगळं ठाऊक होतं की! घाम, उलटी, गारठा, क्रमासकट, वेळेसकट. तिच्याजवळ नव्हतं ते एवढंच, की दुसरा वसंता, तिसरा वसंता, पन्नासावा वसंता. आणि रक्तदाब मोजायचं यंत्र.

ते दोन्ही बावस्करांकडे होतं. हिम्मतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ साली ते महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू हा त्या भागात रोजचा रुग्ण. जांभ्याच्या चिऱ्यांत, कौलांत, लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात तो राहतो आणि माणसंही तिथेच अनवाणी वावरतात. विंचवाने माणसं मरतात हे वैद्यकाला तोवर ठाऊक नव्हतं असं नाही. १९६१ साली मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशावर लिहिलं होतं. इस्रायलमध्ये बीरशेबाला मोशे गेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या आसपास हृदयावरचे परिणाम नोंदवले होते, रुग्णांच्या लघवीत अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळातली रसायनं वाढलेली दाखवली होती. पण हे ज्ञान बीरशेबातून बिरवाडीपर्यंत पोचलं नव्हतं. इथे मिळत होतं ते अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, किंवा ‘लायटिक कॉकटेल’ नावाचं तीन औषधांचं मिश्रण, ज्याने रुग्ण गुंगायचा आणि नातेवाइकांना वाटायचं आराम पडला. अ‍ॅट्रोपिन तर आगीत तेल; आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक.

बावस्करांनी खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा नोंदवत नेला. माझ्या क्षेत्रातली माणसं ‘निरीक्षण’ हा शब्द फार स्वस्तात वापरतात. रात्रीच्या आरोग्य केंद्रात निरीक्षण म्हणजे काय ते मला इंटर्नशिपमध्ये कळलं : बाहेर पंचवीस नातेवाईक उभे, वीज गेलेली, बॅटरीच्या उजेडात पारा बघायचा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच पारा बघायला उठायचं. तिसऱ्यांदा उठतो तो संशोधक. मी दुसऱ्यांदासुद्धा जेमतेम उठायचे.

त्या नोंदींतून दिसलं ते असं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी धरतं. तंतू थांबतच नाहीत, संदेश पाठवतच राहतात. आधी घाम-लाळ-उलटीवाली बाजू पेटते, मग अ‍ॅड्रिनॅलिनवाली. अंगभरच्या बारीक धमन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता डावं हृदय हरतं. म्हणजे विंचू ‘चढतो’ हे आजीचं म्हणणं अगदी शब्दशः खरं होतं. फक्त चढतो तो पायातून मस्तकाकडे नाही, पाऱ्याच्या नळीत चढतो.

आणि मांत्रिकाचं काय? तो लबाड होता असं मला आता वाटत नाही. लाल विंचवाच्या दंशाची एक खोड आहे. ज्याला नुसतीच ठणकणारी वेदना असते, तो बहुधा वाचतो, वेदना काही तासांत आपोआप ओसरते. ज्याच्या बाबतीत विष सगळ्या शरीरात पसरतं, त्याला दंशाच्या जागी अनेकदा फारसं दुखत नाही. म्हणजे बोंब मारणाऱ्या शंभरांना मांत्रिकाने बरं केलं हे शंभर जण शपथेवर सांगणार, आणि ‘‘फारसं नाय’’ म्हणणारा एक पहाटे जाणार. मांत्रिकाचा एच-इंडेक्स उत्तमच असणार!

रोग कळला तरी औषध राहिलं होतं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम. डी. करून बावस्कर पुन्हा कोकणातच आले, यावेळी पोलादपूरला. (सरकारी डॉक्टरचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर, पण ते सहसा कोकणाकडून पुण्याकडे सरकतं, उलटं नाही.) आवळलेल्या धमन्या सैल करायच्या तर सोडियम नायट्रोप्रुसाइड हे जालीम औषध हाताशी होतं. ते त्यांनी वापरलं, उपयोगही झाला. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं, उजेडाने बिघडतं म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब बघायचा, कारण थेंब जास्त पडला तर तेच मारतं. एक डॉक्टर, एक खाट, अख्खी रात्र. दुसरा रुग्ण आला तर काय?

मग प्राझोसिन. उच्च रक्तदाबाची गोळी, ७० च्या दशकात बाजारात आलेली. आमच्या छल्ल्यांवर ती रोज दिसते : नॉरअ‍ॅड्रिनॅलिनने छल्ला आवळायचा, मग प्राझोसिन सोडायचं, आणि कागदावरची रेघ जिना उतरल्यासारखी खाली येते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन धमनीच्या भिंतीवर ज्या अल्फा-१ नावाच्या कुलपात किल्ली घालतं, तेच कुलूप प्राझोसिन अडवून बसतं. जुनी औषधं मज्जातंतूच्या टोकाशी असलेलं अल्फा-२ हे लगामाचं कुलूपही अडवायची, त्यामुळे आणखी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटायचं आणि हृदय धावायचं. प्राझोसिन लगामाला हात लावत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती गोळी आहे. पाण्याबरोबर द्यायची. काळा कागद नको, थेंब मोजणं नको. १९८६ साली हिम्मतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी लॅन्सेटच्या संपादकांना पत्र लिहिलं : विंचूदंशाच्या हृदयावरच्या परिणामांत प्राझोसिन. पान ५१० ते ५११. बास, एवढंच.

मी अनेकदा स्वतःला विचारते, की नायट्रोप्रुसाइडवरच सगळं थांबलं असतं तर त्या पत्राचं काय झालं असतं? विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहिलं असतं, मोठ्या इस्पितळांनी वापरलं असतं, दाखलेही मिळाले असते. पण जिथे विंचू चावतो तिथे ते पोचलं नसतं. लॅन्सेटच्या नावाने त्या मजकुराला वजन दिलं, पाय दिले ते गोळीने.

ते पाय मी पाहिलेत.

१९९३ च्या ऑक्टोबरात, सहामाही परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, माझा धाकटा भाऊ बाळ्या पडवीच्या दुरुस्तीसाठी आणून टाकलेल्या चिऱ्यांच्या ढिगात हात घालून बसला होता. वय वर्षं ९. त्याला चेंडू हवा होता, निघाला विंचू. तांबूस, करंगळीएवढासुद्धा नाही. बाळ्या आधी रडला, मग थांबला. शेजारची काकू आघाडा उपटायला परड्यात गेली. आजी मात्र रडणं थांबलेलं बघून उठली, त्याच्या सदऱ्यात हात घातला आणि ओला हात बाबांच्या समोर धरला. एक अक्षर बोलली नाही. बाबांनी विटांच्या टेम्पोवाल्याला हाक मारली.

आरोग्य केंद्र ७ किलोमीटरवर. डॉक्टर म्हणजे बाँडवर आलेला एक सडपातळ मुलगा, मिसरूड फुटल्यासारखा. वाटेत बाळ्याला दोन उलट्या झाल्या होत्या. डॉक्टरने त्याचे पाय चाचपले, नाडी धरली, चादर बाजूला केली, पुन्हा घातली. मग उठून लोखंडी कपाट उघडलं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला औषध कंपनीच्या कॅलेंडरचं पाठकोरं पान चिकटपट्टीने लावलेलं होतं. वर बॉलपेनने ठळक लिहिलेलं. मी दहावीत होते, वाचायची सवय वाईट, वाचून टाकलं. पुढे कितीदा तरी आठवून पाहिलंय, मजकूर साधारण असा होता :

लाल विंचू. घाम + उलटी + हातपाय गार = थांबू नका. प्राझोसिन (वजनावर). दर ३ तासांनी, हातपाय गरम व कोरडे होईपर्यंत. झोपवून ठेवा, उचलू नका. अ‍ॅट्रोपिन नको.

खाली सही नाही, संदर्भ नाही, पान क्रमांक नाही. अक्षर त्या डॉक्टरचं नव्हतं. आधी कुणीतरी येऊन, लिहून, बदलून गेलेला होता.

गोळीचे तुकडे करून, चमच्यात पाण्यात कालवून बाळ्याला पाजले. आई त्याला मांडीवर घ्यायला धावली, तर सिस्टर जवळजवळ ओरडल्या, ‘‘उचलू नका हो त्याला!’’ तेव्हा राग आला होता. आता मी दर वर्षी हेच शिकवते : प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर माणूस उभा राहिला तर रक्तदाब एकदम कोसळतो. रात्री दीडच्या सुमाराला दुसरी मात्रा. आजी पायाशी बसून होती, तळव्यावर हात ठेवून. पहाटे, ज्या वेळेला वसंताला खोकला सुरू झाला होता साधारण त्या वेळेला, ती म्हणाली, ‘‘पाय गरम झाले.’’ सकाळी बाळ्याने चहात बुडवून तीन बटर खाल्ले.

आजी घरी आल्यावर म्हणाली, ‘‘पोराने गोळी देऊन उतरवला.’’ पोरगा म्हणजे डॉक्टर. वैद्यकीयदृष्ट्या याहून नेमकं वाक्य मला आजही सुचत नाही.

आता मला सांगा, या चिठ्ठीची नोंद कुठल्या सूचीत होते? गारफिल्ड यांची यंत्रणा नियतकालिकातून नियतकालिकात जाणारे दाखले मोजते. नियतकालिकातून कपाटाच्या दारावर गेलेला दाखला तिला दिसत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. इम्पॅक्ट फॅक्टर काढताना पत्रांना मिळालेले दाखले अंशात धरले जातात, पण पत्रं स्वतः छेदात सहसा धरत नाहीत. म्हणजे पत्राने नियतकालिकाचं भलं होतं, लेखकाचं मात्र ‘ग्राह्य धरू नयेत’. १९८६ चं ते लिखाण घेऊन बावस्कर आमच्या समितीपुढे आले असते तर त्यांना अदबीने चहा पाजला असता आणि पूर्ण लांबीचा लेख घेऊन या म्हणून सांगितलं असतं. (समितीत मीही बसलेय. चहा मीही पाजलाय.)

याच विंचवाची दुसरी कथा माझ्या फ्रीजमध्ये आहे. १९९० साली अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधकांनी भारतीय लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली. नाव आयबेरिओटॉक्सिन. धमनीच्या स्नायूत पोटॅशियमचं एक मोठं दार असतं, कॅल्शियम वाढलं की उघडणारं. हे विष नेमकं तेवढंच दार बंद करतं, बाकी कशाला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्यांना इतकं नेमकं हत्यार म्हणजे सोनाराला चिमटा. जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरलं जातं आणि प्रत्येक वापरामागे एक दाखला. आमच्याकडे ते परदेशातून बर्फात येतं, सूक्ष्म कुपीत, किंमत अशी की कुपी उघडताना मी श्वास धरते. माझ्या ९ मधल्या चार लेखांत ते आहे. म्हणजे ज्या विंचवाने माझ्या घरातला एक माणूस नेला आणि दुसरा जवळजवळ नेला होता, त्याच्याच विषाने माझी बढती चाललीय. मर्कच्या त्या कामाला मी नावं ठेवत नाही, सुंदर काम आहे ते. पण प्रत्येक लेखात मी त्याचा दाखला दिलाय, आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानामागच्या दीड-दोन पानांचा एकदाही नाही. द्यायची जागाच आली नाही.

भक्तिभावाने लिहितेय असं वाटायला लागलं असेल, तर थोडं थांबते. विंचूदंशातले मृत्यू प्राझोसिनपूर्वी ३० टक्के होते, नंतर १ टक्क्यावर आले, असं बावस्करांनी वेळोवेळी लिहिलंय आणि सगळीकडे तेच सांगितलं जातं. संशोधक म्हणून माझ्या मनात त्या दोन आकड्यांमध्ये बऱ्याच गोष्टी शिरतात. आधीचे रुग्ण वेगळे, नंतरचे वेगळे. मधल्या काळात रस्ते झाले, टेम्पो आले, फोन आले, आणि बाळ्यासारखे लवकर पोचू लागले. शिवाय प्राझोसिनची कीर्ती झाल्यावर किरकोळ दंशवालेही इस्पितळात येऊ लागले असतील. सरळ चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हे, निम्म्यांना ते, अशी चाचणी सुरुवातीच्या काळात नव्हती. आणि डोळ्यांदेखत पोरं वाचत असताना निम्म्यांना गोळी न देण्याचं धाडस मी तरी केलं नसतं. गोळीने जीव वाचले याबद्दल मला शंका नाही. २९ टक्क्यांतले नेमके किती गोळीचे, याबद्दल आहे.

पण मला या माणसाविषयी सगळ्यात जास्त आदर वाटतो तो १९८६ मुळे नाही, २०११ मुळे. हाफकिनने तोवर लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केलं होतं. प्राझोसिन विषाचा परिणाम अडवतं, विषाला हात लावत नाही. प्रतिविष विषालाच गाठतं. मग दोन्ही दिलं तर? बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या छोट्या रुग्णालयात ७० रुग्णांवर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकून ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती छापली. ज्या गोळीने नाव झालं, ती एकटी पुरेशी जलद नाही, हे पंचवीस वर्षांनी स्वतःच मोजून, स्वतःच जाहीर करायचं. आमच्या क्षेत्रात आपल्या लाडक्या रेणूविरुद्ध एक वाईट प्रयोग आला तर माणसं तो ड्रॉवरमध्ये टाकतात. मी टाकलाय. एक अजून तिथेच आहे.

२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. तासाभराने त्याच ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘लेटर टु एडिटर’ला यंदा तरी गुण धरणार का? कुणी उत्तर दिलं नाही.

तर मी त्या रकान्यापाशी बसले होते. मनात काय आलं कुणास ठाऊक, बाळ्याला फोन लावला. तो आता गावीच असतो, काजूचं बघतो. म्हटलं, आरोग्य केंद्रातलं ते लोखंडी कपाट अजून आहे का रे? म्हणाला, ‘‘कुठचं काय! इमारतच नवी झाली. टाइल्स घातल्यात. कपाट गेलं भंगारात.’’

‘‘आणि चिठ्ठी?’’

त्याला चिठ्ठी आठवतच नव्हती. त्याला आठवत होते ते बटर. पण दोन दिवसांनी मुलीला गोवराची लस द्यायला म्हणून तो तिथे जाणारच होता, तेव्हा विचारून येतो म्हणाला. आणि विचारून आलाही. काल रात्री फोन आला. नव्या सिस्टर आहेत, विदर्भातल्या, पंचविशीच्या. याने विचारलं, विंचवाचं काय औषध ठेवता? तर त्या म्हणे लस भरता भरता, सुईवरची नजरही न काढता बोलल्या : ‘‘घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर थांबायचं नाही. प्राझोसिन द्यायची. पेशंटला उचलायचं नाही.’’

‘‘कुणी शिकवलं विचारलंस?’’

‘‘विचारलं ना. म्हणाल्या, शिकवायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत असतं.’’

नवऱ्याने आतून हाक मारली. सारण गार झालं होतं, पारी मळून झाली होती, आणि त्याला करंजीला मुरड घालता येत नाही. मी रकान्यात ९ लिहिलं, सही केली, आणि हात धुवायला उठले.